कोच, वस्ताद आणि आम्ही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात आले ते हे की, आमचा व्यवसाय नेमका कोणता हे आमच्या नातेवाइकांनासुद्धा कित्येक वर्षे उमगले नव्हते. १९७९ साली आम्ही खो-खोच्या जोरावर रेल्वेत लागलो आणि साताऱ्याहून थेट बिलासपूरला येऊन पडलो. दिवसा कोचिंग डेपोत कारकुनी आणि संध्याकाळी मैदानावर मुलांचे कोच, असा आमचा दुहेरी संसार होता. आपल्यापैकी निम्मी मंडळी रेल्वेची आहेत, त्यांना सांगणे नको. इतरांसाठी सांगतो की, कोचिंग डेपो म्हणजे प्रवासी गाड्यांचे डबे जेथे धुतात, तपासतात आणि दुरुस्त करतात ती जागा. रेल्वेच्या बोलीत माणसे वाहणारा डबा तो कोच आणि माल वाहणारा तो वॅगन.

आम्ही गावी पत्र धाडले : ‘कोचिंग डेपोत रुजू झालो, काळजी नसावी.’ महिन्याभरात आमच्या एका मावशींनी, इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत आपटलेला आपला धाकटा चिरंजीव ट्रंक-वळकटीसह आमच्याकडे रवाना केला. सोबत चिठ्ठी होती : ‘तू कोचिंगमध्ये आहेस असे कळले. दोन महिने याच्याकडेही बघ.’ आम्ही त्याच्याकडे पाहिले ते एवढेच की, रोज संध्याकाळी त्याला मैदानावर नेऊन रांगेत बसवले. पाठीवर खो पडताच कसे उठावे हे तो उत्तम शिकला. पुढे तो गणितातही सुटला, पण त्यात आमचा वाटा नाही.

आमच्या पहिल्या घरमालकीणबाई नागपूरकडच्या. त्यांच्या दिवाणखान्यात तांबड्या मखमलीचा एक कोच होता आणि त्याची त्यांना फार मिजास होती. आम्ही कोच आहोत असे कुणीतरी सांगितल्यावर, ‘मग आमच्या कोचाची एक स्प्रिंग निघाली आहे, तेवढी बघाल का?’ असे त्यांनी विचारले. आम्ही पाहिली. ती बसवताही आली. नव्या गावात भाडेकरूने आपली उपयुक्तता लपवू नये.

या तिन्ही कोचांचे मूळ एक की निराळे, याचा शोध पुढे निवृत्तीच्या निवांतपणात आम्ही घेतला. तो थोडक्यात सांगतो, कारण आमच्या धंद्याची सगळी थट्टा त्या मुळातच आहे. हंगेरी देशात, बुडापेस्टहून व्हिएन्नाला जाणाऱ्या जुन्या वाटेवर, कोच याच नावाचे एक खेडे आहे. पंधराव्या शतकापासून तेथील कारागिरांची घोडागाडी नावाजली गेली आणि ‘कोचची गाडी’ या अर्थाने गावाचे नावच गाडीला चिकटले. जसे आपल्याकडे पैठणचे वस्त्र ते पैठणी, तसेच. तो शब्द जर्मन, फ्रेंच असा हिंडत सोळाव्या शतकात इंग्रजीत शिरला आणि पुढे रेल्वेच्या डब्यालाही लागला. घरमालकीणबाईंचा मखमली कोच मात्र या कुळातला नाही. तो फ्रेंच भाषेतील ‘निजणे’ या क्रियापदाचा वंशज. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘काउच’, आपल्या घरात येता येता तो कोच झाला. एक चालणारा, एक लोळणारा, आणि मराठीत दोघांचे सोंग एकच.

आता घोडागाडीचा माणूस कसा झाला ते ऐका. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेपुरते घोकून घेणाऱ्या खाजगी शिक्षकाला चेष्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. ज्याला स्वतःच्या पायांनी परीक्षेच्या पैलतीरी जाता येत नाही, त्याने बसावे आणि गाडीने ओढून न्यावे, हा त्यातला टोमणा. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी नाव वल्हवणाऱ्या तरुणांनी तोच शब्द आपल्या शिक्षकाला लावला आणि तेथून तो साऱ्या खेळांत पसरला. सारांश, ज्या बिरुदासाठी आम्ही पतियाळाच्या क्रीडासंस्थेत सहा आठवडे घाम गाळला आणि प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगले, ते बिरुद मुळात विद्यार्थ्यांच्या वात्रटपणातून जन्मले आहे. आणि पाहा, इंग्रज पोरांनी ज्याची टवाळी केली ते पहिले ‘कोचिंग’ आज राजस्थानातील कोटा शहरात एवढे प्रतिष्ठित झाले आहे की, तेथे कोच म्हटल्यावर कुणाला मैदान आठवतच नाही.

इंग्रजी कोर्टकचेरीत ‘कोच केलेला’ साक्षीदार म्हणजे आपल्याकडचा पढवलेला साक्षीदार. टेनिससारख्या सभ्य खेळातही सामना चालू असताना प्रशिक्षकाने खूण करणे हा दीर्घकाळ गुन्हा मानला जाई. २०१८ सालच्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला पहिली ताकीद मिळाली ती याच कारणाने. अलीकडे तेथे हे नियम सैल झाले आहेत. परंतु शिकवणारा आणि पढवणारा यांच्यामधली भिंत फार पातळ असते, ही शंका जगाच्या मनातून गेलेली नाही. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. का, ते पुढे येईल.

परभाषेतल्या शब्दांचे राहू द्या. आपल्या मातीत या कामाला जो शब्द आहे तो वस्ताद. फारसी ‘उस्ताद’ तालमीच्या लाल मातीत लोळून वस्ताद झाला. आमच्या लहानपणी साताऱ्याच्या तालमीत वस्तादांच्या नुसत्या खाकरण्याने शड्डू थांबत. या शब्दाची थोरवी केवढी, तर पुण्याच्या लहुजी साळवे यांच्या नावाचाच तो भाग झाला. लहुजी वस्ताद म्हटल्याशिवाय ते नाव पुरे होत नाही. महात्मा फुले तरुणपणी त्यांच्याकडे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. असा हा शब्द. आणि तालमीबाहेर त्याचे काय झाले? ‘तो मोठा वस्ताद आहे, जपून राहा,’ असे आपण कुणाविषयी म्हणतो? जो गोड बोलून दुसऱ्याच्या ताटातले पळवतो त्याच्याविषयी. ‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ ही म्हणही तशीच. कुणी ती शहाणपणाची मानतात. आम्हांला मात्र वाटते की, शिष्यापासून डाव राखून ठेवणारा शिक्षक मनातून शिष्याला भ्यालेला असतो.

बाकीच्या शब्दांची गतही फारशी निराळी नाही. गुरूचा गुरुघंटाल झाला. मास्तर तर स्टेशनपासून शिंप्याच्या दुकानापर्यंत कुठेही भेटतो. इकडे उत्तरेकडच्या आखाड्यात खलिफा म्हणतात, काशीला ‘का गुरू’ ही नुसती हाक आहे, आणि ट्रकवरचा क्लीनर आपल्या ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो. खो-खोच्या भाषेचेही तसेच. मैदानावर खो देणे म्हणजे आपली धाव साथीदाराच्या स्वाधीन करून त्याच्या जागी मुकाट्याने बसणे. याहून निर्मळ त्याग आम्हांला कोणत्याही खेळात दिसला नाही. आणि कचेरीत ‘अमक्याने माझ्या कामात खो घातला’ म्हणजे काय, हे आपण सर्व जाणता.

सरकारने १९८५ साली प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला, त्याला नाव दिले द्रोणाचार्यांचे. पहिल्याच वर्षी पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांच्याबरोबर आपले कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत यांना तो मिळाला, आणि २००० साली तो खो-खोमधील गोपाळ पुरुषोत्तम फडके यांच्याकडे आला तेव्हा आम्ही डेपोत पेढे वाटले. तरीही त्या नावापाशी आम्ही दरवेळी अडखळतो. कारण आमच्या खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम पुरुष खेळाडूला जे पारितोषिक देतात, त्याचे नाव एकलव्य. म्हणजे शिक्षकाला अंगठा मागणाऱ्याचे नाव आणि खेळाडूला अंगठा देणाऱ्याचे. हे कुणी ठरवून केले असेल असे वाटत नाही. परंतु आम्हांला एक मुलगा आठवतो.

ती गोष्ट सांगावी की नाही, याचा आठवडाभर विचार केला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात शुभ बोलावे असे घरातून सुचवण्यात आले. पण पंचेचाळीस वर्षे आपण आम्हांला कौतुकाने कोचसाहेब म्हणत आला आहात, तेव्हा खात्यात जमेबरोबर नावेही दाखवलेली बरी.

१९९१ साल. आम्ही गावातील एका शाळेच्या चौदा वर्षांखालील संघाला शिकवत होतो. शाळेचे नाव घेत नाही. तिचा दोष आमच्यापेक्षा अधिक नव्हता. त्या वेळी बारा जणांची यादी द्यावी लागे, त्यातले नऊ मैदानात उतरत. अकरा नावे पक्की होती. बाराव्या जागेसाठी एक किरकोळ अंगाचा पोरगा होता. बाप रेल्वेच्या लायनीवर रोजंदारीवर, घर नदीपलीकडे. तो रोज अनवाणी येई, सर्वांच्या आधी येई आणि चुन्याच्या रेषा ओढायला लागे. खांबाशी वळताना त्याचा वेग जराही मोडत नसे. हे शिकवून येत नाही. आलेच तर फार उशिरा येते. अंगात ताकद यायची होती. आमच्या अंदाजाने त्याला एक वर्ष हवे होते, आणि ते वर्ष त्याच्यापाशी नव्हते. पुढच्या मोसमात तो चौदा ओलांडणार होता.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी एक उंच मुलगा संघात आणला गेला. दाखल्यावर वय तेरा, आणि ओठांवर मिसरूड. त्याला आम्ही दोन वर्षांपूर्वी मोठ्या गटात खेळताना पाहिले होते, तेव्हाही तो काही अकरा वर्षांचा वाटला नव्हता. आम्ही विचारले. उत्तर मिळाले, ‘कागद बरोबर आहेत, कोचसाहेब. कागदावर चालायचे.’ यादीच्या तळाशी ‘वरील माहिती खरी असल्याचे प्रमाणित करतो’ अशी ओळ होती आणि खाली आमच्या सहीची जागा. आम्ही सही केली. कुणी हात धरला नव्हता, धाक घातला नव्हता. संघ जिंकावा, आणि तो जिंकला तर मोठ्या संघाचे काम आपल्याकडे येईल, असा एक साधा, घरगुती लोभ होता.

यादी फलकावर लागली त्या संध्याकाळी तो पोरगा चुन्याची बादली हातात घेऊनच जवळ आला. आपल्या छत्तीसगढी बोलीत त्याने विचारले, ‘गुरुजी, मोर नाव नइ हे का?’ आवाजात तक्रार नव्हती. वाचण्यात आपली चूक झाली असावी, अशी त्याची समजूत दिसली. आम्ही म्हणालो, ‘अगले साल.’ पुढच्या वर्षी त्याचे वय उलटणार हे आम्ही जाणत होतो. ते त्याला माहीत नव्हते. त्याने बादली जागेवर ठेवली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी रेषा आम्ही स्वतः ओढल्या.

संघ जिंकला. उंच मुलाने अंतिम सामन्यात खांबावर दोन गडी टिपले. रात्री चहापाण्याच्या वेळी एक वजनदार गृहस्थ आमच्या पाठीवर थाप मारून सर्वांदेखत म्हणाले, ‘वाह कोचसाहब, आप तो बड़े उस्ताद निकले!’ सगळे हसले. मंडळी, आम्हीही हसलो. ज्या शब्दासाठी साताऱ्याच्या तालमीत आम्ही मान खाली घालून उभे राहत असू, तो आयुष्यात प्रथम आमच्या वाट्याला आला तो असा.

मोठ्या संघाचे काम आमच्याकडे आले, हेही सांगून टाकतो. न्याय ताबडतोब होतो असे गोष्टींतच असते.

वय चोरण्याचा हा रोग एका गावचा नाही. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेते, इतकी ती गोष्ट जुनी आणि सर्वत्र झालेली आहे. लोक दोष देतात बापांना, शाळांना, दाखले देणाऱ्या कारकुनांना. परंतु कारकुनापुढे फक्त कागद असतो. मुलगा रोज उघड्या डोळ्यांनी पाहतो तो कोच. दुधाचे दात पडलेले त्याला दिसतात, आवाज फुटलेला त्याला ऐकू येतो. क्ष-किरणाचे यंत्र आणावे लागले ते आमच्या डोळ्यांवर कुणाचा विश्वास उरला नाही म्हणून. त्या वर्षानंतर आम्ही एक केले : यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यायचे. दाखला पाहायला नव्हे. आईला नुसते विचारायचे की, हा कोणत्या सणाच्या आगेमागे झाला आणि याच्या वरचा केवढा. आया खोटे बोलत नाहीत असे नाही, पण चुलीपुढे बसून खोटे बोलणे त्यांना जड जाते. दोनदा आम्ही सही नाकारली. त्यापैकी एकदा संघच आमच्याकडून काढून घेतला गेला. त्याचे वाईट वाटले, नाही असे नाही. रिकाम्या संध्याकाळी फार लांबतात.

नदीपलीकडे मात्र आम्ही गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणता जमले नाही, असे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

२००९ साली रायपूरहून परतताना आमची बस एका ढाब्यावर थांबली होती. मागून कुणीतरी ‘उस्ताद!’ अशी हाक मारली आणि आम्ही चमकून वळलो. हाक आमच्यासाठी नव्हती. ट्रकचा क्लीनर टायरकडे बोट दाखवत होता, आणि ज्याला हाक होती तो ड्रायव्हर हातातला पेला ठेवून उठत होता. उठण्याच्या त्या रीतीवरून आम्ही त्याला ओळखले. त्यानेही आम्हांला ओळखले. तेथेच, डिझेलच्या वासात, वाकून पायांना हात लावला. दोन मुलांचा बाप झाला होता, धनबादपर्यंत गाडी नेत असे. आमच्या गुडघ्यांची चौकशी केली, मैदान अजून आहे का ते विचारले. मग जरा थांबून म्हणाला, ‘ओ बछर हमन जीते रहेन न, गुरुजी?’ त्या वर्षी आपण जिंकलो होतो ना? हमन, म्हणजे आपण सगळे. ज्या संघात आम्ही त्याचे नाव लिहिले नाही, त्या संघात तो अठरा वर्षे स्वतःला मोजत आला होता.

सांगायचे ते सांगायला ती वेळ होती. आम्ही ‘हो’ म्हणालो. बसवाल्याने भोंगा वाजवला आणि आम्ही चढलो.

२०२५ च्या जानेवारीतल्या, दिल्लीच्या पहिल्या विश्वचषकाविषयी बोलावे अशी चिठ्ठी व्यासपीठावर आली आहे. तेव्हा सांगतो. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, म्हणून या सभागृहाने टाळ्या वाजवणे योग्यच आहे. आमच्या वेळच्या मातीऐवजी तेथे मॅट होती, नवाऐवजी सात जण खेळत होते. आम्ही दूरदर्शनसमोर बसून पाहिले आणि सौभाग्यवतींच्या सांगण्यानुसार घरातल्या कोचावरून तीन वेळा ‘खो’ असे ओरडलो.

आता एक सूचना आणि मग थांबतो. मंडळाच्या इमारतीमागच्या पटांगणात कार्यकारिणीने दोन खांब पुरण्याची परवानगी दिली आहे. येत्या रविवारपासून सकाळी साडेसहाला आम्ही तेथे असू. मराठी, छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू, ज्यांची असतील त्यांची मुले पाठवावीत; मुलींना विशेष करून पाठवावे, फुगडी घालणाऱ्या पोरींचा तोल उपजतच चांगला असतो आणि फुगडी इकडच्या गावांतही आहे. जन्मदाखला आणू नये. बूट नसले तरी चालेल. रेषा ओढायला मात्र दोन मोठी माणसे हवी आहेत, कारण बादली घेऊन वाकणे आता आम्हांला जमत नाही.